वॅटची वट! डिकीतल्या धडधडीच्या गमतीजमती

सिग्नलला शेजारी एक गाडी येऊन थांबते. काचा बंद, गाण्याचे शब्दही ऐकू येत नाहीत, पण आपल्या गाडीचा आरसा मात्र थरथरायला लागतो. धड... धड... धड! त्या गाडीच्या डिकीत एक सबवूफर बसलाय आणि त्याच्या पाठीशी एक अँप्लिफायर आहे. दोघांचं जमलं, तर छातीत ठेका धरणारा खणखणीत बेस. नाही जमलं, तर फटफट, भुरभुर आणि शेवटी जळक्या वार्निशचा वास!

आता हे जमवायचं कसं? या स्थळांच्या पत्रिकेत मुख्य गुण दोनच बघायचे: वॅट आणि ओहम. पण या दोन आकड्यांमागे काय काय दडलंय, ते ऐकाल तर उडालच. व्हॉल्यूम जरा कमी करा, निघालो!

खोक्यावर पाच हजार, फ्यूज पंचवीसचा

माहीत आहे का? अँपवर छापलेला आकडा खरा की फुगवलेला, हे कळायला कान लागतच नाहीत. अँपची कड बघा. तिथे रंगीत फ्यूज खोचलेले असतात आणि त्यांच्यावर अँपिअर लिहिलेले असतात. इंजिन चालू असताना गाडीचं व्होल्टेज साधारण १४.४. फ्यूज एकच आणि तोही २५चा? मग १४.४ गुणिले २५, म्हणजे ३६० वॅट. सतत वाजताना यापेक्षा जास्त वीज आत शिरणारच नाही, तर बाहेर ५००० कुठून पडणार!

आणि आत शिरलेली सगळी वीज बाहेर येते थोडीच? जुन्या धाटणीचा क्लास एबी अँप निम्मी-साठ टक्के वीज पुढे पोचवतो, बाकीची स्वतः तापण्यात घालवतो. आजकालचा क्लास डी ऐंशी टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे आपला ३६०वाला पठ्ठ्या क्लास डी असला, तरी जेमतेम तीनशेच्या घरातला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या गावातलं कार अ‍ॅक्सेसरीजचं दुकान, हा एवढासा गुणाकार खिशात असू द्या. ४०-४०चे दोन फ्यूज दिसले तर हिशेब ८०चा. क्लास डी असेल तर नऊशे वॅटच्या आसपास, आणि तो आकडा खरा!

डेकवरचे '५० गुणिले ४'

जवळपास प्रत्येक कार स्टिरिओच्या तोंडावर झळकतं: ५० वॅट गुणिले ४. हे पन्नास आले कुठून, माहीत आहे का? १४.४चा वर्ग करा आणि ४ ओहमने भागा. उत्तर ५१.८! म्हणजे बॅटरीचं सगळं व्होल्टेज अखंड स्पीकरवर ओतलं तर मिळणारी ही ताकद. त्यात सूर राहत नाही, उरते ती नुसती चौकोनी खरखर. स्वच्छ गाणं वाजवताना तोच डेक प्रत्येक चॅनलला साधारण २० वॅट देतो.

वेगळा अँप लागतो तो यासाठीच. मोठ्या अँपच्या पोटात बॅटरीचं व्होल्टेज वाढवणारा एक छोटा कारखाना असतो. १२ व्होल्ट आत येतात, आणि अधिक-उणे तीस-पस्तीस किंवा त्याहून जास्त तयार होऊन बाहेर पडतात. तेव्हा कुठे सबला धक्का बसतो.

पीएमपीओ नावाची जत्रा

नव्वदच्या दशकात ज्यांनी डेक किंवा कॉम्प्युटरचे स्पीकर घेतले, त्यांना हे चार अक्षरी प्रकरण आठवेल. हातात मावेल एवढा प्लॅस्टिकचा स्पीकर आणि खोक्यावर हजार वॅट पीएमपीओ! चालायचा मात्र इवल्याशा अडॅप्टरवर. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य रीतच नव्हती, त्यामुळे ज्याला जो आकडा आवडला तो त्याने छापला.

घरच्या अँपच्या जाहिरातींना अमेरिकेत १९७४ मध्येच सरकारी नियम लागला. गाडीचे अँप मात्र मोकळे सुटले! त्यांच्यासाठी सीईए-२००६ नावाचं मोजमाप यायला २००३ साल उजाडलं, आणि तेही ऐच्छिक. त्याची अट झकास आहे: व्होल्टेज १४.४, भार ४ ओहम, विकृती जास्तीत जास्त १ टक्का, आणि मग जे मिळेल तेच आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे सरासरी वॅट म्हणून छापायचं.

तेव्हा खोक्यावर मॅक्स, पीक, टोटल काहीही चमकत असो, तुमची नजर 'आरएमएस' शोधू द्या. साध्या शुद्ध सुरातही टोकाची ताकद सरासरीच्या दुप्पट असते, म्हणून '१००० मॅक्स' म्हणजे चांगल्या कंपनीचे ५०० आरएमएस. बाकीच्यांचे किती, ते फ्यूजला विचारा!

आणि जोडी लावायची ती आरएमएसची आरएमएसशीच. सबचा आरएमएस ४०० असेल, तर त्याच ओहमवर ३०० ते ६०० देणारा अँप चालतो. ढोबळ मानाने पाऊणपट ते दीडपट. मला विचाराल तर वरच्या बाजूला राहा आणि अँपवरची गेनची चकती आवरा. ताकद हाताशी असली की अँप घाम न गाळता वाजतो.

ओहम साहेबांचा महिमा

कोलोनमध्ये शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये विजेच्या प्रवाहाचा नियम पुस्तकात मांडला. स्वागत कसं झालं? थंड! जर्मनीत फारशी दाद मिळाली नाही, ओहम यांनी नोकरीही सोडली. पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिलं. आज जगातला प्रत्येक सबवूफर त्यांच्या नावाचा आकडा पाठीवर घेऊन फिरतो.

हा आकडा एवढा महत्त्वाचा का? कारण एकाच अँपचे वॅट ओहमनुसार बदलतात. ४ ओहमवर ३०० देणारा मोनो अँप २ ओहमवर ५०० देऊ शकतो. पैसे तेवढेच, वायर वेगळी जोडली, आणि ताकद वाढली!

आता सबच्या पाठीकडे जवळून बघू. 'ड्युअल ४ ओहम' लिहिलेल्या सबला चार टर्मिनल असतात: दोन लाल, दोन काळे. आत एकाच नळीवर दोन कॉइल गुंडाळलेल्या. लालला लाल, काळ्याला काळं जोडलं की होतात २ ओहम. एकीचं काळं दुसरीच्या लालला दिलं की होतात ८. एकच सब, दोन अवतार!

असे दोन सब घेतले तर धमाल आणखी वाढते. सगळं समांतर जोडलं तर १ ओहम. प्रत्येक सबच्या कॉइल एकापुढे एक आणि मग दोन्ही सब समांतर, तर ४ ओहम. मात्र ड्युअल ४चे दोन सब घेऊन तुम्ही २ ओहम कितीही डोकं खाजवलंत तरी करू शकत नाही! म्हणूनच आधी अँप कितीवर खरी ताकद देतो ते बघायचं, आणि मग ड्युअल २ घ्यायचा की ड्युअल ४, ते ठरवायचं. दुकानात बहुतेक लोक उलटं करतात. आधी सब आवडतो, मग अँप शोधायला निघतात आणि अडकतात.

आणि अँप २ ओहमपर्यंतचाच असेल, तर त्याला १ ओहमवर लावू नका. प्रवाह दुप्पट मागितला जातो, अँप तापतो, प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो. नशीब बरं असेल तर तेवढंच.

छोटी गंमत: मल्टिमीटर लावून '४ ओहम'ची कॉइल मोजा. ३.२ ते ३.६ दिसेल. घाबरू नका, सब बिघडलेला नाही. मीटर फक्त तांब्याच्या तारेचा विरोध मोजतो, वाजतानाचा ओहम त्याहून जास्त असतो.

पंचवीस वॅटचा राक्षस

हा किस्सा माझा सर्वांत लाडका! अमेरिकेत कार ऑडिओच्या स्पर्धा रंगात आल्या, तेव्हा गट पाडले जायचे ते अँपच्या कागदोपत्री वॅटवरून, आणि तेही ४ ओहमवरच्या. मग कंपन्यांनी काय करावं? ओरायन कंपनीचा २२५ एचसीसीए हा अँप बघा. कागदावर ४ ओहमवर चॅनलला फक्त २५ वॅट. बिचारा वाटतो ना? पण त्याची वीजपुरवठ्याची बाजू एवढी दणकट की ओहम निम्मे केले की वॅट दुप्पट. २ ओहमवर ५०, १ ओहमवर १००, अर्ध्या ओहमवर २००!

म्हणजे छोट्यांच्या गटात नाव नोंदवायचं आणि आठपट ताकदीने मैदान मारायचं. अशा अँपना तिकडे 'चीटर अँप' म्हणत. जुन्या रॉकफोर्ड फॉसगेटच्या पंच ४५ची ख्यातीही अशीच: लेबल नम्र, काम दांडगं. आज ऑनलाइन सात हजार वॅटचे आकडे बघताना हे आठवलं की मन भरून येतं. एके काळी अँप आपली ताकद लपवायचे हो!

दुप्पट पैसे, फक्त ३ डेसिबल

माहीत आहे का? २५० वॅटचा अँप काढून ५००चा बसवला तर आवाज दुप्पट होत नाही. वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला 'हं, जरा वाढला' एवढंच जाणवतं. आवाज दुप्पट वाटायला हवा असेल, तर साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट लागतात दहापट. २५०चे थेट २५००!

मग स्वस्तातला उपाय? सबच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' बघा, म्हणजे तेवढ्याच विजेत तो किती जोरात वाजतो ते. एकाची ८५ आणि दुसऱ्याची ८८ डेसिबल असेल, तर ८८वाला निम्म्या वॅटमध्ये तेवढंच वाजतो. फुकटचे वॅट! हा आकडा दुकानात कुणी विचारत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

पाचशे वॅट जातात कुठे?

हादरवणारी गोष्ट सांगू? ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा सब मिळालेल्या विजेपैकी आवाजात बदलतो ती जेमतेम पाव टक्का. ५०० वॅट दिले, तर आवाज सव्वा वॅटचा. उरलेले ४९८ आणि काही? उष्णता! तुमच्या डिकीत एक हीटर बसलाय, तो जाता जाता गाणी वाजवतो.

आणि तापलेलं तांबं अडून बसतं. तापमान एका अंशाने चढलं की तांब्याचा विरोध ०.३९ टक्के वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली तर विरोध पाऊणपटीहून जास्त वाढला! मग अँप त्याच व्होल्टेजवर कमी वॅट देतो. मुंबईहून निघताना जोरात असलेला बेस लोणावळ्यापर्यंत मऊ वाटू लागतो, त्यात कानांच्या थकव्याबरोबर या तापाचाही वाटा असू शकतो.

वॅटची ही उधळपट्टी पहिल्यापासून नव्हती. थोडं मागे जाऊ. आजच्या सबचा पूर्वज म्हणजे कॉइलवाला कोन स्पीकर. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या जोडगोळीने तो १९२५ मध्ये जगासमोर ठेवला. त्याला चालवायला त्यांनी बनवलेला अँप केवढा होता? १ वॅट! बाजारात तो १९२६ मध्ये रेडिओला १०४ या नावाने आला, किंमत २५० डॉलर. म्हणजे एका वॅटला अडीचशे डॉलर!

सब मरतो कशाने?

'छोटा अँप लावलास तर सब जळेल', हे वाक्य प्रत्येक ऑटो इलेक्ट्रिशियनच्या तोंडी आहे. खरं काय? कमी वॅटने सब मरत नाही. तसं असतं तर आवाज कमी केल्यावरही सब मेले असते. मरतो तो क्लिपिंगने.

अँपची हद्द संपली तरी आपण नॉब पिळत राहिलो, की लाटेचे गोल माथे कापले जातात आणि सपाट चौकोन बाहेर पडतो. चौकोनी लाटेची सरासरी ताकद तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट! २०० वॅटचा अँप पिळून पिळून ४०० वॅटच्या दिशेने जातो. सब ५००चा असेल तर तो हेही पचवतो. पण सब २००चा असेल तर? वास!

इथे खरा खलनायक म्हणजे बेस बूस्टचं ते गोंडस बटण. ६ डेसिबल बूस्ट म्हणजे त्या सुरांना चौपट वॅट. १२ डेसिबल म्हणजे सोळापट! १०० वॅटवर मजेत चाललेला अँप एका बटणासरशी १६०० मागायला लागतो. देणार कोण?

दुसरा मृत्यू वॅटचा नाही, खोक्याचा. बंद खोक्यात आतली हवा कोनला, म्हणजे सबच्या हलणाऱ्या पडद्याला, धरून ठेवते. भोक असलेल्या, म्हणजे पोर्टेड खोक्यात ठरावीक सुराखाली ही पकड सुटते आणि कोन वाऱ्यावर! एक सप्तक खाली तेवढाच आवाज हवा असेल, तर कोनला चौपट हलावं लागतं. ५००चा सब चुकीच्या खोक्यात निम्म्या वॅटवरही आपटून फाटू शकतो. अँपवर 'सबसॉनिक' नावाची जी चकती कुणी फिरवत नाही ना, ती नेमकी यासाठी असते.

वीज आणायची कुठून?

१००० खरे वॅट हवेत? ८० टक्क्यांच्या क्लास डी अँपला त्यासाठी १२५० वॅट आत घ्यावे लागतात. १४.४ने भागा: ८७ अँपिअर! छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर बहुधा एवढंही देत नाही, आणि त्यातच एसी, दिवे, वायपर, सगळं चालवायचं असतं. म्हणून रात्री ठेक्याठेक्यावर हेडलाइट मिणमिणतात. रस्त्यावरच्यांना डिस्को, बॅटरीला शिक्षा.

केबलची गंमत तर निराळीच. आकडा जितका लहान तितकी तार जाड. ८ गेजपेक्षा ४ जाड, ४पेक्षा ० जाड. स्वस्त किटमध्ये मात्र बाहेरून तांबं आणि आतून ॲल्युमिनियम. दिसायला जाडजूड, वीज नेण्याची ऐपत तांब्याच्या सुमारे ६५ टक्के. टोक खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं तर समजा.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने: बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज हवाच. अँपवरचा फ्यूज अँपला वाचवतो. बॉनेटपासून डिकीपर्यंत गालिच्याखालून गेलेली ती लांब तार पत्र्याला घासली, तर गाडीला वाचवतो तो बॅटरीजवळचाच.

गाडी स्वतःच अँप!

माहीत आहे का? ३० हर्ट्झच्या बेसची एक लाट असते ११ मीटरहून लांब. आणि ऑल्टो? साधारण साडेतीन मीटर! लाट गाडीत मावतच नाही, मग काचा बंद असताना सब सगळ्या केबिनची हवा एकदम दाबतो आणि सोडतो. याचा फायदा जबरदस्त. सुमारे ६० हर्ट्झच्या खाली जाताना केबिन स्वतःच दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत भर घालते. एकही वॅट न लावता! घरात फुसका वाटलेला दहा इंची सब म्हणूनच गाडीत पैलवान होतो. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या वडाप जीपमध्ये मागच्या बाकाखाली दडलेली एकुलती एक बेस ट्यूब अख्खी जीप डोलवते ना, त्यात या केबिनचा हात मोठा!

रेकॉर्डवाले रणगाडे

आता जरा वेडेपणा! अमेरिकेत वेन हॅरिस यांनी रुजवलेल्या डीबी ड्रॅग रेसिंगमध्ये गाड्या धावत नाहीत, उभ्या उभ्या वाजतात. काही सेकंद एकच सूर, मायक्रोफोन डॅशबोर्डवर, आणि जास्त डेसिबलवाला जिंकतो. हॅरिस यांची स्वतःची गाजलेली गाडी कोणती होती? १९६० ची कॅडिलॅक शववाहिनी! नाव ठेवलं 'टर्मिनेटर'.

वरच्या गटातल्या गाड्यांचे दरवाजे काँक्रीट ओतून भरतात, काचांच्या जागी जाड ॲक्रिलिक बसवतात, वाजवताना माणसं टपावर उभी राहून गाडी दाबून धरतात. चालक आत नसतो, बाहेरून बटण दाबतो. असे रणगाडे १८० डेसिबलच्या पुढे गेलेत.

एवढा अट्टाहास का? हिशेब करा. १६० डेसिबल म्हणजे चौरस मीटरला २००० न्यूटनचा दाब. चौरस मीटरभर विंडशील्डवर २०० किलोंचा रेटा, सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा आत-बाहेर! काचा तडकतात त्यात नवल ते काय.

पण याच खेळाचा धाकटा भाऊ मला जास्त आवडतो: बेस रेस. इथे ३० सेकंद खरं संगीत वाजवायचं आणि गटाच्या मर्यादेच्या जवळात जवळ जायचं. १३९.९च्या गटात १४० ला शिवलात की बाद! ताकद सगळ्यांकडे असते, जिंकतो गेनवर ताबा असलेला.

आणि वजनदारांचा बादशहा? एमटीएक्स कंपनीचा जॅकहॅमर. २२ इंची, वजन १६० किलोंच्या वर, भूक ६००० वॅट आरएमएस. तो डिकीत ठेवायचा तर आधी डिकीलाच विचारा!

या सगळ्याला छप्परही आहे. नेहमीच्या हवेत साधारण १९४ डेसिबलच्या वर स्वच्छ लाट बनूच शकत नाही, कारण लाटेच्या खोलगट भागात हवेचा दाब शून्याला टेकतो. त्याहून कमी कुठून आणणार?

छत सांभाळा, फुप्फुसंही

१९७४ चा 'अर्थक्वेक' सिनेमा. युनिव्हर्सल स्टुडिओने सेन्सराउंड नावाची अजस्र बेस यंत्रणा थिएटरांत बसवली. भूकंप असा की हॉलिवूडच्या चायनीज थिएटरमध्ये छताचा गिलावा प्रेक्षकांवर पडू नये म्हणून जाळी ताणावी लागली!

याहून थरारक: २००४ मध्ये 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात मोठ्या संगीतामुळे फुप्फुसातून हवा गळाल्याचे रुग्ण नोंदवले गेले. त्यातल्या एकाने गाडीत बसवला होता १००० वॅटचा बेस बॉक्स.

'माझ्या मोबाइल ॲपवर तर ९०च दाखवतं' असं म्हणताय? बहुतेक ॲप मोजतात 'ए' पद्धतीने, आणि त्यात ४० हर्ट्झचे जवळपास ३५ डेसिबल वजा होतात. म्हणजे ९० दिसताना केबिनमध्ये असू शकतात १२५! कानांचं साधं गणित लक्षात ठेवा: ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. अँपचे वॅट दुप्पट केलेत की सुरक्षित ऐकण्याचा वेळ अर्धा. आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा आहे ४५ डेसिबल. सोसायटीच्या गेटमध्ये शिरताना नॉब शून्यावर आणा, वरच्या मजल्यावर कुणाचं तरी तान्हं नुकतंच झोपलेलं असतं.

कंपनीतूनच १४००!

बाहेरून बसवायचंच नाही? चाकणला बनणारी महिंद्राची एक्सयूव्ही ७०० सोनीच्या १२ स्पीकर आणि ४४५ वॅटसह आली तेव्हा लोक चकित झाले. मग आली इलेक्ट्रिक एक्सईव्ही ९ई: हरमन कार्डनचे १६ स्पीकर, १४०० वॅट! अशा फॅक्टरी सिस्टिमचा स्पीकर बदलताना ओहम आधी मोजा. बऱ्याच ठिकाणी तो २ किंवा त्याहूनही कमी असतो. त्याजागी बाजारातला ४ ओहमचा भारी स्पीकर लावला, की वॅट निम्मे आणि खिसा रिकामा.

गाडी कंपनीने स्पीकर कंपनीला सोबत घेऊन खास त्या केबिनसाठी आवाज बेतायची ही टूम लोकप्रिय केली ती बोस यांनी. अमर गोपाळ बोस, एमआयटीचे प्राध्यापक, वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक. जनरल मोटर्सबरोबर त्यांनी केलेली सिस्टिम १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये वाजली.

पाच मिनिटांचं जादूचं मीटर

गेनची चकती म्हणजे व्हॉल्यूम नाही. डेककडून येणाऱ्या सिग्नलशी अँपचा मेळ घालणारी ती कळ आहे. ती लावायला दोन-अडीचशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो.

सबच्या तारा अँपमधून काढा. बेस बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, गेन सगळ्यात खाली. डेकचा आवाज पाऊणपर्यंत. ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा टेस्ट टोन लावा. मीटर एसी व्होल्टवर, त्याच्या दोन्ही काड्या अँपच्या आउटपुटवर. आता हिशेब: सबचे आरएमएस वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. ४०० वॅटचा सब २ ओहमवर, म्हणजे ८०० चं वर्गमूळ, २८.३. गेन हळूहळू फिरवा... १२, १९, २४... मीटर २८ म्हणाला की हात काढा. टोन बंद, तारा परत, गाणं चालू. या क्षणी बेस जसा स्वच्छ आणि गोल वाजतो ना, तो ऐकण्यासाठीच तर सगळा खटाटोप!

दहा हजार डॉलर, उचला!

जाता जाता सगळ्यात मोठी पैज. अमेरिकेतले रिचर्ड क्लार्क हे कार ऑडिओतलं मोठं नाव, त्यांची बुइक ग्रँड नॅशनल स्पर्धांतली दंतकथाच. त्यांनी आव्हान दिलं: दोन अँप डोळे झाकून ऐका आणि कोणता कुठला ते सांगा, दहा हजार डॉलर तुमचे. अटी दोनच महत्त्वाच्या. दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा केलेला, आणि दोन्ही क्लिपिंगच्या आत. महागडा विरुद्ध स्वस्त, काहीही निवडा!

कानावर भलताच विश्वास असलेले लोक रांग लावून आले. बक्षीस कुणालाही मिळालं नाही.

त्यामुळे दुकानदाराने दोन अँप वाजवून 'फरक बघा साहेब' म्हटलं, तर आधी दोन्हींचा आवाज मीटरवर सारखा करायला सांगा, आणि मगच बटवा काढा.